पान दोनशे बारा

सकाळी अकराच्या सुमाराला फोन वाजला तेव्हा मी मधमाश्यांच्या एका पुस्तकात राणीमाशीपाशी अडले होते. एकशे चाळीस पानांचं पुस्तक, त्यातल्या शंभरेक पानांवर ही बाई हजर. तिच्यापुढे शंभर आकडे लिहावेत तर वाचणारा कपाळाला हात लावील, आणि न लिहावेत तर मधमाश्यांच्या पुस्तकात राणीच नाही म्हणून लोक हसतील. पेन्सिल कानामागे खोचून मी खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळणाऱ्या चादरी बघत होते. सूची करणाऱ्या माणसाचा निम्मा दिवस असाच जातो. पुस्तकाच्या शेवटी बारीक अक्षरात शब्दांची यादी असते, शब्दापुढे पानांचे आकडे असतात, ते काम करणारी माणसं असतात हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. माझ्या एका भाच्याला कित्येक वर्षं वाटत होतं की सूची आपोआप येते, दुधावर साय येते तशी.

फोन प्रकाशनातल्या नव्या संपादक मुलीचा होता. चुणचुणीत पोरगी. दर वाक्याला घाईत असते.

"ताई, एक मिनिट आहे ना? ते जुनं धर्मांचं पुस्तक नाही का आपलं, सगळ्या धर्मांची ओळख करून देणारं? ते नव्यानं टाइप करून घेतलं. पानं सगळी सरकली. सूचीतले आकडे आम्ही कॉम्प्युटरवर जुळवले, पण एक आकडा अडलाय. शेवटी सूचीकार म्हणून तुमच्या बाबांचं नाव आहे, म्हटलं तुम्हालाच विचारावं."

"कुठला शब्द?"

"'आई'. म्हणजे नुसतं 'आई' नाही, 'आई, गेलेली' असं काहीतरी विचित्र दिलंय. पुढे सात आकडे आहेत. सहा जुळले. सातवा आहे दोनशे बारा. आता जुन्या पुस्तकात दोनशे बारा म्हणजे सूचीचंच पहिलं पान. चूकच आहे ना? पूर्ण नोंदच काढून टाकते. चारपर्यंत छापखान्यात द्यायचंय."

मी म्हटलं, "थांब. मी तुला करते परत फोन." आणि फोन ठेवून तशीच बसून राहिले. समोरच्या गच्चीवरची एक चादर वाऱ्यानं दोरीभोवती गुंडाळली गेली होती. ती सोडवायला कुणी येत नव्हतं. मला त्या चादरीचा उगीचच राग आला.

त्या पुस्तकाची सूची झाली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आज पंचावन्न. बाबांनी केलेल्या सूचींची सगळी पुस्तकं माझ्या कपाटात आहेत, अगदी ते गटारं बांधण्याच्या शास्त्रावरचं ठोकळेबाज पुस्तकसुद्धा. एवढं एकच नाही. मी ते घरात ठेवलंच नाही. कारण त्या पुस्तकात मी बाबांना एक प्रश्न विचारला होता आणि बाबांनी त्याचं उत्तर दिलं नव्हतं. निदान आज अकरा वाजेपर्यंत मी तसंच धरून चालले होते.

आमच्या घरी सूची दोघांत व्हायची. एकानं प्रुफं मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं डोळे मिटून ऐकायचं. वाचायची आई. ऐकायचे बाबा. ऐकता ऐकता एखादा शब्द सूचीत घ्यावासा वाटला की ते उजव्या हाताचं पहिलं बोट वर करत, आई थांबे, ते डोळे उघडून पत्त्याएवढ्या कार्डावर शब्द आणि पान लिहीत, कार्ड बुटांच्या खोक्यात अक्षराप्रमाणे लावत, पुन्हा डोळे मिटत. दुसऱ्या कुठल्या घरात अशी सूची करत असतील असं मला वाटत नाही. बाबांचं म्हणणं असं की डोळ्यांना सगळंच महत्त्वाचं दिसतं, कानाला बरोबर कळतं कुठे थांबायचं ते. मला आठवतं ते त्यांचं बोलणं नाही, आवाज आठवतात. आईचा सलग, जरासा घोगरा आवाज, मध्येच पडणारा खंड, कार्डावर टाकाची करकर, शेजारच्या शिंपिणीच्या मशीनची घरघर, आणि पुन्हा आईचा आवाज. मी पलंगाखाली खोक्यांशी खेळत असे. आई जिच्यावर बसून वाचायची त्या खुर्चीचा डावा हात सैल झाला होता. वाचता वाचता ती तो हात पुढेमागे करत राही आणि बाबा डोळे न उघडताच म्हणत, "मोडशील." ती म्हणे, "मोडला तर 'म' मध्ये घाला." एवढ्याशा विनोदावर दोघं हसत. बाहेरच्या माणसाला यात काय हसायचं ते कळलं नसतं.

आई गेली ती आठ दिवसांच्या तापात. त्यातलं फार काही मला आठवत नाही आणि जे आठवतं ते खरं की आत्यानं नंतर सांगितलेलं, हेही आता वेगळं करता येत नाही. आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, आमच्याकडे राहायला आली. घर चालू लागलं. बाबांचं काम मात्र चालेना. स्वतः वाचून बघितलं त्यांनी, दोन महिने. चार पानं वाचायचे, कार्ड एकही व्हायचं नाही. बोट वर करायचं कुणासाठी? मग एका दुपारी, शाळेला सुट्टी होती, ते पलंगाखाली वाकून म्हणाले, "टाचणी, वाचशील का?" मी अंगानं काडी आणि बोलायला टोचरी, म्हणून टाचणी. मी आईच्या खुर्चीत बसले. पाय जमिनीला पोचत नव्हते. समोर धर्मांच्या पुस्तकाची प्रुफं ठेवली होती, ओलसर, शाईच्या उग्र वासाची.

पुस्तक लिहिलं होतं एका निवृत्त मास्तरांनी. गोल चेहरा, कोटाच्या खिशात नेहमी खडूचे तुकडे. कुठल्या धर्माचा माणूस काय मानतो, देवाला कशी हाक मारतो, काय खात नाही, लग्न कसं लावतो, जन्म झाला की काय करतो, असं सगळं त्यांनी सोपं करून सांगितलं होतं. कुणाला चिमटा नाही, कुणाला झुकतं माप नाही. मला त्यातले शब्द उच्चारता येत नसत. 'निर्वाण' हा शब्द मी पहिल्यांदा तीन घासांत खाल्ला. बाबा डोळे मिटूनच तो नीट म्हणून दाखवत. पण दर प्रकरणाच्या शेवटी मास्तर मरणावर येत. येणारच ना, धर्मांचं पुस्तक ते. आणि मी, जिची आई जाऊन तीन महिने झाले नव्हते ती मी, आईच्या खुर्चीत बसून मोठ्या आवाजात वाचत असे, मेलेली माणसं कुठे जातात ते. आज याचा विचार करते तेव्हा वाटतं, मोठ्या माणसांना कसं काही कळत नाही. आत्याला कळलं होतं. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती एकदा म्हणाली, "अरे, पोरीला काय वाचायला लावतोस हे? बोल तिच्याशी काहीतरी. बाप आहेस की बंद कपाट?" बाबा म्हणाले, "काम आहे ते." झालं. आईचं नाव त्यांनी घरात घेतलं नाही ते नाहीच. तिचा कंगवा, तिची चप्पल, तिचा फोटोसुद्धा एका दिवसात कुठे गेला कळलं नाही.

पान एकतीस मला अजून दिसतं. हिंदूंचं प्रकरण तिथे संपत होतं आणि मास्तरांनी लिहिलं होतं की यांच्या मते जाणारा संपत नाही, तो फक्त घर बदलतो. मी वाचता वाचता थांबले. बोट वर झालं नव्हतं, तरी थांबले. म्हटलं, "बाबा, मग आई आता कुठल्या घरात आहे?"

बाबांनी डोळे उघडले नाहीत. म्हणाले, "वाचताना प्रश्न नको. प्रश्न असेल तर कार्डावर लिही."

तो आमच्या घरचा नियमच होता. आईलाही ते असंच म्हणत, कारण वाचणारा बोलायला लागला की ऐकणाऱ्याचा धागा तुटतो. पण त्या दिवशी मला तो नियम थपडेसारखा लागला. मी खुर्चीतून उतरले, एक कोरं कार्ड घेतलं आणि पेन्सिलीनं मोठ्या अक्षरात लिहिलं, 'कुठे गेली माझी आई'. पानाचा आकडा कुठला घालणार? मला माहीत असता तर प्रश्न कशाला पडला असता? आकड्याची जागा रिकामी ठेवून ते कार्ड मी 'क' च्या खोक्यात सरकवलं, 'कर्म' आणि 'क्षमा' यांच्या मध्ये. मग बाबा म्हणाले, "पाणी आण गं जरा." मी पाणी आणलं. ते घोटभर प्याले, बाकीचं तसंच ठेवलं. आम्ही पान बत्तीसला लागलो.

पुढचे दोन महिने आम्ही ते पुस्तक वाचत होतो. रोज संध्याकाळी शाळेतून आल्यावर तास-दीड तास. बौद्ध, ज्यू, ख्रिस्ती, इस्लाम, शीख, एकेक संपत गेलं. मधूनच मास्तर येत आणि बाबांशी भांडत. "अहो, धर्मांचं पुस्तक आणि सूचीत 'देव' नाही? लोक मारतील मला!" बाबा शांतपणे म्हणत, "जे पानोपानी आहे ते सूचीत घालायचं नसतं, मास्तर. शोधावं लागेल तेवढंच घालायचं." मास्तर खडूचा तुकडा बोटांत फिरवत हसत. मग दोघं 'पाणी' या शब्दावर लागत, कारण बाबांनी 'पाणी' साठी केवढंतरी मोठं कार्ड केलं होतं. कुणी प्रार्थनेआधी हातपाय धुतं, कुणी बाळाच्या डोक्यावर पाणी घालतं, कुणी नदीत बुडी मारतं. मास्तर म्हणाले होते, "इतकी प्रकरणं मी वेगवेगळी लिहिली आणि तुम्ही सगळ्यांना एकाच हौदावर आणून उभं केलंत." बाबांना एवढं खुश झालेलं मी त्या वर्षात दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

मी मात्र वाट बघत होते. खोक्यातली कार्डं ते रोज चाळत, एकूण एक. माझं कार्ड त्यांनी पाहिलं असणारच. आज बोलतील, उद्या बोलतील. बोलले नाहीत. एके दिवशी मी 'क' चं खोकं गुपचूप बघितलं तर कार्ड तिथे नव्हतं. 'कर्म' नंतर सरळ 'क्षमा'. काढून टाकलं, मी समजले. चुकीचं कार्ड होतं, आकडा नव्हता त्यावर, बाबांनी फाडून टाकलं. सूचीचं छापील प्रुफ आलं तेव्हा तर त्यांनी मला वाचायलाच दिलं नाही. "तू खेळायला जा," म्हणाले. दार लोटून एकटेच बसले. मी जिन्यात बसून नखं कुरतडत राहिले. पुस्तक आलं तेव्हा एकदाच, सगळे दुसऱ्या खोलीत असताना, मी सूची उघडली, 'क' वर बोट ठेवलं, खालवर केलं आणि पुस्तक मिटलं. नऊ वर्षांच्या मुलीचा राग लहान असतो असं म्हणतात. कोण म्हणतं देव जाणे. माझा राग माझ्याबरोबर वाढला, माझ्या मापाचे कपडे घालत गेला.

आणि तरीही मी याच धंद्यात पडले, याला काय म्हणायचं? आडात असतं तेच पोहऱ्यात येतं, दुसरं काय. पुढची तीस वर्षं मी वाचलं, त्यांनी ऐकलं. कार्ड समोर असून मला दिसत नसलं की ते म्हणत, "काखेत कळसा, टाचणे!" पुढचा गावाचा वळसा ते कधी म्हणत नसत, तो मी घालतच असे. त्यांच्याबरोबर हसले, भांडले, त्यांची औषधं केली. एकदा धीर करून विचारणार होते, "माझं कार्ड तुम्ही फाडलंत का हो?" पण इतक्या वर्षांनी कार्डाची चौकशी करणं हास्यास्पद वाटलं. शेवटच्या आठवड्यात त्यांना बोलता येत नव्हतं. मी खाटेशी बसून वर्तमानपत्र वाचत असे, काहीही, हवामान, शेअरबाजार, हरवले-सापडले. मध्येच त्यांचं बोट चादरीवरून बोटभर उचललं जाई. मी थांबे. लिहून घ्यायला कार्ड नसे. मग बोट खाली येई आणि मी पुढे वाचे.

'आई, गेलेली.' मी उठून उगीच कपाटापर्यंत गेले आणि परत आले. हा मथळा माझा नव्हता. पण मी चाळीस वर्षं हेच करते ना? वाक्य कुणाचंही असो, आधी त्यातलं नाव उचलायचं, पुढे आणायचं, बाकीचं मागे टाकायचं. 'मधमाश्या का चावतात' असं कार्ड कुणी करत नाही, 'मधमाशी, डंख' असं करतात. आणि नाव पुढे आलं की कार्ड खोकं बदलतं. 'कुठे गेली माझी आई' हे कार्ड 'क' मध्ये राहूच शकत नव्हतं. ते 'आ' च्या खोक्यात गेलं होतं. सूचीच्या पहिल्या पानावर. मी तो कागद कधी उलटलाच नाही. नऊ वर्षांच्या पोरीला नियम माहीत नव्हता हे ठीक. पण पुढची शेहेचाळीस वर्षं?

मी फोन केला. "ते सहा आकडे मला सांग. आणि जुनं पुस्तक जवळ असेल तर त्या पानांवर मरणाबद्दल काय आहे तेवढं वाच."

"आत्ता? ताई, सहाही?"

"हो. सावकाश वाच."

ती वाचू लागली. "एकतीस. 'जाणारा संपत नाही, तो फक्त घर बदलतो.' मग अठ्ठावन्न, बौद्ध. 'एका दिव्यानं दुसरा दिवा लावला तर ती तीच ज्योत का? तीच म्हणता येत नाही, आणि वेगळीही म्हणता येत नाही.'" अठ्ठावन्न. संध्याकाळ होती, मला तो दिवा फार आवडला होता, आणि बाबा म्हणाले होते, पाणी आण. मी म्हटलं, "पुढे." "सत्त्याण्णव, ज्यू. 'गेलेल्याचं नाव घेतलं की हे लोक म्हणतात, त्याची आठवण आशीर्वाद ठरो.' एकशे चोवीस..." एकशे चोवीसला ख्रिस्ती लोक शेवटच्या दिवशी उठून आपापल्या माणसांना भेटत होते. मी पेला घेऊन परत आले तेव्हा बाबा टाक पुसत होते. तेव्हाही ते घोटभरच प्याले होते. एकशे त्रेसष्ट, इस्लाम, त्याच्याकडून आलो आणि त्याच्याकडेच जायचं आहे. एकशे नव्वद, शीख, ज्योत ज्योतीत मिळते. दर वेळी पाणी. बाबांना त्या एका पुस्तकातच इतकी तहान का लागत होती, हे मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं. मला वाटायचं, मरणाचं आलं की त्यांना मी समोर नको असते. मी स्वयंपाकघरात पेला भरत असे आणि इकडे ते माझं कार्ड काढून त्यावर एकेक आकडा चढवत. मी आकड्याची जागा रिकामी ठेवली होती. रिकाम्या जागेचं कार्ड छापायला जात नाही. त्यांनी जेवढी उत्तरं त्या पुस्तकात सापडली तेवढी सगळी मला लिहून दिली होती, एकाचीही शिफारस न करता.

मला रडू आलं. फोनवर ती मुलगी होती म्हणून आवाज न करता रडले.

"ताई? ऐकताय ना? आणि मग तो चुकीचा. दोनशे बारा."

चुकीचा. सूचीनं कधी स्वतःकडे बोट दाखवायचं नाही, हा पहिला धडा. मला तो बाबांनीच शिकवला होता. शिवाय सूची कुठल्या पानावर येणार हे शेवटचं छापील प्रुफ हातात येईपर्यंत कुणालाच माहीत नसतं. म्हणजे कार्डावर तो आकडा नव्हताच, असूच शकत नव्हता. दार लोटून ते एकटे बसले होते त्या दुपारी त्यांनी तो पेनानं भरला. सहा आकड्यांनंतर स्वल्पविराम दिला आणि जिथे तिचं नाव छापलं होतं त्याच पानाचा आकडा लिहिला. सहा उत्तरं मास्तरांची होती. सातवं त्यांचं स्वतःचं. बाहेर जिन्यात मी बसले होते. दोघांच्या मध्ये एक दार होतं, आणि ते लोटलेलं होतं, कडी घातलेली नव्हती. मीच ढकललं नाही.

"मग काढू ना नोंद?" ती म्हणाली. "कॉम्प्युटर सारखा लाल दाखवतोय."

"नव्या पुस्तकात सूची कुठून सुरू होते?"

"थांबा हं, बघते. दोनशे तीसवर."

"आणि 'आई' त्याच पानावर येते?"

"हो, पहिल्याच रकान्यात. 'आई', मग 'आकाश'."

"मग दोनशे बाराच्या जागी दोनशे तीस घाल."

"पण ताई, ते म्हणजे... तिथे तर काहीच नाही. नुसती ती नोंदच आहे."

"माहीत आहे मला. तशीच हवी आहे. आणि शेवटचं प्रुफ आलं की बघून घे. पान सरकलं तर आकडाही सरकव, विसरू नकोस."

"बरं," ती म्हणाली. तिला पटलं नसावं, पण चारची मुदत असली की माणसं वाद घालत नाहीत. "एकदा वाचून दाखवते, बरोबर आहे का सांगा. 'आई, गेलेली'." मग तिनं नवे आकडे एकेक करून वाचले, सावकाश, मी मघाशी सांगितलं होतं तसे. मी डोळे मिटून ऐकत होते. शेवटी ती म्हणाली, "दोनशे तीस," आणि थांबली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या उजव्या हाताचं बोट वर झालेलं आहे.